खापरावरचा काठ

१९ फेब्रुवारी २०२५, बुधवार

शिवजयंतीची मिरवणूक पुढे सरकली तसं आप्पांनी कापड दुकानाचं शटर पुन्हा वर केलं. सण कोणताही असो, डोंगरातून उतरलेलं गिऱ्हाईक बंद दार बघून परत जाता कामा नये, हा त्यांचा नेम. पुढे ताके उलगडले जातायत आणि मागच्या खोलीत, खोक्यांच्या आडोशाला, मी प्रकाशा गावच्या उत्खननाचा अहवाल उघडून बसले आहे.

होळीनंतर पेथापूरला छपाईचे लाकडी ठसे कोरायला टाकायचे आहेत. पुण्यातल्या एका दुकानाला ओढण्यांचा संच हवाय; विषय त्यांनीच दिलेला, प्राचीन कला. हा विषय मिळाला की जो तो थेट अजिंठा गाठतो. मला आमच्याच जिल्ह्यातलं, तापीकाठचं काही हवं होतं. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशाला पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड आहे. पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी १९५४-५५ साली ते खणलं, तेव्हा तळाशी ताम्रपाषाणयुगातली वस्ती लागली. आधी माळवा पद्धतीची भांडी, त्यांच्या मागोमाग जोर्वे पद्धतीची. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची चित्रकला, अक्कलकुव्याहून तळोद्यामार्गे सकाळी निघून जेवायला घरी परतता येईल इतकी जवळ.

अहवालातली खापरांची चित्रं काळी-पांढरी आणि बोटभर. रंग आपण मनाने भरायचे: तांबडी भुई, तिच्यावर काळी रेघ. आडव्या समांतर पट्ट्या, शिडीचे कप्पे, जाळीने भरलेले शंकरपाळे, नागमोडी वळण.

आप्पा ताका घ्यायला आत आले, खांद्यावरून डोकावले. "हे तर लुगड्याचे काठ," एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

प्रकाशाला जाऊन आले. तळोद्यापुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना पपई, केळी, ऊस. बॅरेजमुळे तापी इथे तुंबून रुंद झाली आहे. केदारेश्वराला दर्शनाची रांग, घाटावर कुणाचे दहाव्याचे विधी. पांढर बघायला आलेली मी एकटीच. उत्खननाच्या जागी असंच असतं. खड्डे बुजवले जातात, वस्तू संग्रहालयात जातात, आणि टेकाडावर गाव पुन्हा आपल्या कामाला लागतं. पायाखाली खापर दिसलं तरी उचलायचं नाही, हे कॉलेजात एका सरांनी बजावलं होतं. उचललेल्या खापराला मग थर राहत नाही आणि काळही राहत नाही.

घाटाच्या पायरीवर बसून टिपलेलं, इथे नीट उतरवते.

जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं प्रवरेकाठचं गाव. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी तिथे खोदकाम केलं आणि त्या भांड्यांना गावाचं नाव पडलं. चाकावर घडवलेली, कसून भाजलेली, टिचकी मारली की खणखणणारी भांडी. कोनदार वळणाचा वाडगा, तोटीचं भांडं, गोल पोटाचा घडा. तीच घडण दायमाबादला, नेवाशाला, चांडोलीला, इनामगावला. आणि इथे तापीवरही.

पण त्या लोकांच्या अंगावर काय होतं? आपल्या हवेत, आपल्या काळ्या मातीत कापड टिकत नाही. नेवाशाला एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांब्याच्या क्षारांमुळे मण्यांच्या भोकातला दोरा तेवढा तगला होता. तपासला तेव्हा त्यात सूत आणि रेशीम दोन्ही निघाली. चांडोलीच्या मण्यांतला दोरा जवसाच्या धाग्याचा. एवढ्याशा दोऱ्यांवरून कळतं की कातणं होतं, पीळ देणं होतं, एकाहून अधिक धाग्यांची पारख होती.

म्हणजे माझ्याकडे दोरा आहे, पण त्याच्यावर नक्षी नाही. नक्षी आहे, पण ती मातीवर. "साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्रावरची नक्षी" असं लेबल छापलं तर ओढणी झटकन विकली जाईल. ते छापायचं नाही. घड्यावरची नक्षी कापडावर मी नेते आहे, आणि नेताना तिच्यात जे बदलेल त्याला मी जबाबदार, हे लेबलावरच असू दे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर रेखाटनं. संगणकावर शंकरपाळा सरळ केला, आरसा लावून चार बाजूंनी जुळवला, की लगेच न्हाणीघराच्या टाइल्स दिसायला लागतात. खापरावरचा शंकरपाळा तसा नाही. आडवी रेघ कुंचला टेकवून भांडं फिरवत ओढलेली, म्हणून ती ठाम. आतली जाळी मात्र हाताने झरझर भरलेली. तिच्या रेघा कडेबाहेर सांडतात, मध्ये दाट होतात, शेवटी विरळ. ठाम पट्टी आणि सैल जाळी यांच्या ओढाताणीतच सगळी गंमत आहे. दोन्ही सारख्याच नेटक्या केल्या तर उरतो तो भूमितीचा धडा.

ठशाची अडचण वेगळी. पेथापूरचे कारागीर सागाच्या लाकडात केसाएवढी रेघ कोरतात हे खरं, पण जाळीच्या भोकात रंग साचला की चार-सहा छापांनंतर भोकं बुजून काळा डाग उठतो. भोक मोठं ठेवायचं तर जाळी कमी रेघांची हवी. तेव्हा एका शंकरपाळ्यात रेघा किती, हे शेवटी रंगाचा दाटपणा ठरवणार.

दुसरं, जोड. घड्याभोवती फेरा घालताना शेवटचा शंकरपाळा पहिल्याला येऊन भिडतो, तेव्हा हाताने रंगवणाऱ्याला तो कधी चेपावा लागतो, कधी ताणावा लागतो. कापडाच्या काठाला असा फेरा नाही, पण त्याला कोपरा आहे. काठ कोपऱ्यात कसा वळवायचा, यावर छाप्याच्या कारागिराची परीक्षा होते. दोन पट्ट्या नुसत्या एकमेकींवर चढवल्या तर काम कच्चं. कोपऱ्यासाठी वेगळा ठसा लागेल.

आणि तिसरं, ज्याच्यासाठी आजचं पान लिहायला घेतलं. पुन्हा पुन्हा बघताना लक्षात आलं की घड्याची नक्षी बहुतेक वरच्याच अंगाला आहे. मान, खांदा, फार तर पोटाचा वरचा उतार. खाली मोकळं. साहजिकच आहे. घडा जमिनीवर असतो, माणूस त्याच्याभोवती उभा किंवा उकिडवा बसलेला, नजर वरून पडते. खालचं बूड मातीत रुतणार, राखेत माखणार. तिथे रंग कशाला घालवायचा? लुगड्याचंही तेच. अंग साधं, जोर काठावर आणि पदरावर. आप्पा जे बोलले ते नक्षीच्या आकारावरून म्हणत असतील, पण लागू पडतं ते जागेला. जुन्या कलेकडून घ्यायची ती पहिली गोष्ट ही दिसते: नक्षी कुठे संपवायची.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

गेले काही दिवस रस्ता देवमोगऱ्याकडे वाहतो आहे. जीप, ट्रॅक्टर, मोटारसायकली, पायी निघालेले जथे. देवमोगरा सीमेपलीकडे गुजरातच्या सागबारा तालुक्यात, पण याहामोगी मातेचं मूळ ठाणं लोक आपल्याच तालुक्यातल्या दाबला मानतात. तिला वाहायच्या टोपल्या नव्या कापडाने झाकलेल्या. त्या टोपल्यांसाठी कापड नेणारी घरं आप्पांना पिढ्यांनी ठाऊक आहेत. कुठल्या पाड्याला कुठला लाल चालतो, ते वहीत लिहावं लागत नाही.

दुपारी मी गल्ल्यापाशी बसले होते. सहा-सात बायका आल्या, बरोबर दोन कॉलेजच्या मुली. आप्पा त्यांच्याशी वसावी बोलीत बोलतात, मला अर्धंमुर्धं कळतं. एकीने फडकी, म्हणजे डोक्यावरून घ्यायची ओढणी, उचलली आणि नक्षीकडे बघितलंही नाही. आधी चिमटीत कापड चोळलं. मग कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासला. मग डोक्यावरून घेतली आणि सोबतिणीकडे पाठ केली. सोबतीण दोन पावलं मागे गेली, बघितलं, मान हलवली: नको. दुसरी घेतली. आरसा समोर होता, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मी त्यांतल्या एका मुलीला विचारलं, "का नको म्हणाली?"

"ताई, मागून काहीच दिसत नाही त्यात. सगळी बुट्टी पुढेच."

नाच गोलात असतो, बाजारातली वाट एकामागे एक चालायची. बघणारा पाठीमागे. तेव्हा पाठीवर पडणारा पदर आणि डोक्यावरची कड, ही यांची दर्शनी बाजू. पुण्यातली ओढणी दोन्ही खांद्यांवरून पुढे सोडली जाते, तिची दर्शनी बाजू वेगळी. एकच नक्षी, पण दोन ठिकाणी दोन जागांवर बसवावी लागेल.

१ मार्च, शनिवार

अजिंठा टाळून चालणार नाही, निदान वहीत तरी.

तिथली चित्रं कापडापर्यंत कशी आली, तो प्रवासच मोठा आहे. १८१९ मध्ये लेणी इंग्रजांच्या नजरेस पडली. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं खपून नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन तिथे काम करत राहिले. त्यांच्याही कितीतरी नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. उरलेल्या कामावरून १८९६-९७ मध्ये दोन खंड निघाले. नक्षीकामाच्या माणसाला त्यातला छतांचा भाग सोन्यासारखा. मुंबईतल्या मुलांनी छताकडे माना वर करकरून उतरवलेली कमळं, हंस, वेली. छतही कसं, तर ताणून बांधलेल्या चांदव्यासारखी चौकटींत वाटलेली नक्षी. भिंतीवरची माणसं गोष्ट सांगतात. छत नुसतं सजतं. म्हणून छत उचलणं सोपं.

भिंतीवरच्या माणसांच्या अंगावर जे कापड आहे ते आणखी मोलाचं. पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रं, ठिपक्यांची, पारदर्शक, आणि पहिल्या लेण्यातलं हंसांच्या नक्षीचं कापड. कालिदासाच्या रघुवंशात अतिथी राजाच्या अभिषेकाच्या प्रसंगी हंसांची नक्षी असलेल्या दुकूल वस्त्राचा उल्लेख येतो. काव्यातलं आणि भिंतीवरचं कापड एकमेकांना साक्ष देतात. पाचव्या शतकातल्या विणकराकडे हंसांची रांग होती, यात शंका घ्यायला नको.

पैठणीच्या पदरावर अजिंठ्याचं कमळ आलं तेव्हा त्याचं काय झालं, ते बघण्याजोगं आहे. भिंतीवरची पाकळी कुंचल्याच्या एका झोक्यात वळते. पैठणीत प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या कांडीवर, शेजारच्या रंगाशी गुंतवत नेलेला. तिथे वळण नाही, पायऱ्या आहेत. विणकराने कमळ पायऱ्यापायऱ्यांनी उभं केलं, म्हणून ते पैठणीचं झालं. आज डिजिटल छपाईत अजिंठ्याचा पद्मपाणी डोळ्यांच्या पापण्यांसकट पॉलिस्टरवर उतरतो. त्याला कापडाने काहीच विचारलेलं नसतं, आणि चुण्या पडल्या की बोधिसत्त्वाचं नाक कमरेपाशी दुमडतं.

भानु अथय्या आठवतात. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घरातल्या, जन्म १९२९ चा, शिक्षण जे. जे.मध्ये चित्रकलेचं. १९६६ च्या 'आम्रपाली'साठी त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांवरून वेशभूषा केली. पुढे 'गांधी'साठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळालं ते सगळ्यांना माहीत आहे. मला 'आम्रपाली'त जास्त रस. त्यात अजिंठ्याचं चित्र कुठेच छापलेलं नाही. कापड अंगावर कुठे घट्ट, कुठे सुटं, दागिना कुठे थांबतो आणि कातडी कुठे दिसते, हे त्यांनी भिंतीवरून वाचलं. तेवढ्यावर वैजयंतीमाला आपल्याला त्या काळातली वाटते. त्यांनीही जागाच उचलल्या, असं मला आता म्हणावंसं वाटतं.

५ मार्च, बुधवार

काल रात्री बागहून परतले. खेतिया, बडवानी, कुक्षी, मग बाग. खेतियालाच राज्य बदलतं, पण बाजारातले चेहरे आणि चांदीची कडी तीच.

बागला दोन गोष्टी. गावाबाहेर लेणी, साधारण अजिंठ्याच्याच काळातली. त्यांतली चित्रं खराब होत चालली म्हणून भिंतीवरून सोडवून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेली. जागेवर आता दगड आणि अंधार. १९२१ मध्ये नंदलाल बसू आणि सोबत्यांनी केलेल्या नकलांमुळे आपल्याला तिथला नाच ठाऊक आहे: हातात टिपऱ्या, झांजा, ढोल घेतलेल्या बायकांचं रिंगण. आणि गावात खत्री रंगाऱ्यांचे कारखाने, ज्यांची बाग छपाई आता देशभर जाते. हे लोक मूळचे सिंधचे. मारवाड, मग मनावर, आणि १९६० च्या दशकात बागिनी नदीचं वाहतं पाणी बघून इथे.

काम बघत उभी राहिले. कोरं कापड आधी एरंडेल, सोडा आणि बकरीच्या लेंड्या घातलेल्या पाण्यात तुडवायचं, वाळवायचं, धुवायचं. मग हिरड्याचं पाणी. कापड पिवळट होतं. काळ्यासाठी लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवून, लालसाठी तुरटी, दोन्ही चिंचोक्याच्या खळीत घोटलेलं. छापताना लाल दिसतच नाही; फिकट डाग. छापून झालं की काही दिवस मुरू द्यायचं. मग वाहत्या नदीत धुवायचं, सुटा रंग पाण्याबरोबर निघून गेला पाहिजे, तो कापडाच्या मोकळ्या भागाला लागता कामा नये. शेवटी तांब्याच्या भट्टीत अ‍ॅलिझरीन आणि धायटीची फुलं घालून उकळायचं. तिथे डोळ्यांदेखत लाल उगवतो आणि भुई पांढरी होत जाते. धायटी आमच्या डोंगरातही आहे, याच दिवसांत लालबुंद फुललेली असते.

अ‍ॅलिझरीन प्रयोगशाळेत बनू लागलं १८६८-६९ नंतर. त्याआधी हा लाल आलाच्या मुळांचा. खानदेशात, माळव्यात आलाची शेती होती. ती बुडाली. पण तुरटीने लाल आणि लोखंडाने काळा पकडायची युक्ती तशीच राहिली.

कारखान्यात एका जाळीच्या ठशाकडे बोट दाखवून सांगितलं, हा लेण्यातल्या नक्षीवरून. दिल्लीचे खरेदीदार तोच मागतात. मी विचारलं, आधी कुणासाठी छापायचात? म्हातारे रंगारी हसले. आसपासच्या भिल्ल, भिलाल्यांसाठी. कुणाचा घागरा, कुणाची ओढणी, ठसा बघून माणूस कुठला ते कळायचं. मग गिरणीचं स्वस्त पॉलिस्टर आलं आणि ते गिऱ्हाईक गेलं. हुन्नर टिकला, पण शहरातल्या, परदेशातल्या गिऱ्हाइकावर. लेण्याची गोष्ट त्या नव्या गिऱ्हाइकाला सांगावी लागते. जुन्याला सांगावी लागत नव्हती, त्याला कापड आपलं वाटायचं.

८ मार्च, शनिवार

महिला दिन म्हणून शिवणवर्गात बोलायला बोलावलं होतं. विषय: पारंपरिक कला आणि रोजगार. फलकावर वारली माणसं, व्यासपीठावर वारली पडदा, मला दिलेल्या पिशवीवर वारली तारपा. सातपुड्यात! एका मुलीने विचारलं, "मॅडम, आमचं काही नाही का? आम्ही पण वारलीच काढायची?"

मी वारलीबद्दल जे नीट ठाऊक आहे ते सांगितलं. पालघर, डहाणूकडे लग्नाच्या वेळी सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात, तांदळाच्या पिठाने, मधोमध पालघट देवी. तो चौक त्या लग्नापुरता. १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी तेच चित्र कागदावर आणलं, गोष्टी सांगायला वापरलं, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन असूनही सुरतेहून पुण्यापर्यंत कुणीही तारपा छापतं. एखाद्या कुर्त्याच्या मागच्या बाजूला पालघट देवी बसलेली मी पाहिली आहे. बसलं की तिच्यावरच.

"आमचं काही नाही का" याचं उत्तर मात्र मी तिथे दिलं नाही. मुलींनाच आपापल्या घरात काय काय आहे ते काढून आणायला सांगितलं. कणगीवरचे लिंपणाचे हात, आजीचं गोंदण, टोपलीची वीण. टोपली विणणाऱ्याच्या हातात वीण आधी असते, नक्षी तिच्यातूनच निघते. डिझाइनच्या वर्गात आम्हाला हे शिकायला दोन सत्रं लागली.

१० मार्च, सोमवार

होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारांचा आठवडा. दुकानात पाय ठेवायला जागा नाही.

एका पाड्याच्या पोरी येतात त्या घोळक्याने, आणि मागतात तो अख्खा ताका. सगळ्यांचं एकाच कापडाचं, एकाच रंगाचं शिवायचं. बाजारात लांबून ओळखू आलं पाहिजे, हा घोळका कुठल्या गावचा. मागच्या वर्षीचा रंग यंदा चालत नाही, आणि शेजारच्या पाड्याने घेतलेला तर मुळीच नाही. आप्पा म्हणूनच एका रंगाचे ताके दोन गावांना विकत नाहीत. कुणी काय नेलं ते होळी होईपर्यंत तोंडातून काढत नाहीत.

यंदा मोरपिशी जोरात. वर जरीची लेस, टिकल्या, गळ्यात चांदीच्या साखळ्या, पायात पांढरे बूट. इथली फॅशन कुणा डिझायनरची वाट बघत थांबलेली नाही. तिचे नियम कडक आहेत, फक्त ते आमच्या मासिकांत छापून येत नाहीत.

१४ मार्च, शुक्रवार

काठीहून सकाळी परतले. अंगाला धूर.

देवगोईचा घाट चढून मोलगी, पुढे काठी. इथल्या राजवाडी होळीची परंपरा १२४६ पासूनची सांगतात. होळीचा खड्डा हत्याराने नाही, हातांनी उकरतात. उंच बांबू उभा राहतो, रात्रभर ढोल, आणि पहाटे होळी पेटते. नवस असणारे बावा, बुध्या झालेले: अंगभर राखेचे, पिठाचे पांढरे ठिपके आणि पट्टे, कमरेला वाळके भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. नवसाचे दिवस त्यांनी पाळलेले असतात. खाटेवर निजायचं नाही, अंगाला पाणी लावायचं नाही.

शहरातून आलेला एक छायाचित्रकार माझ्या शेजारी होता. "हे ठिपके कापडावर काय दिसतील!" म्हणाला. दिसतील, छानच दिसतील. बुध्या ज्या क्रमाने ठिपके घालतो त्यात माझ्या धंद्याला लागणारं सगळं आहे: छातीवर पट्टे, पोटावर ठिपके, सांध्यांपाशी मोकळं. पण हे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं खापर नव्हे, ज्याचा धनी विचारायला उरला नाही. हा माणूस समोर उभा आहे, त्याचा नवस चालू आहे. उपास सुटला की तो ठिपके धुऊन टाकणार. त्यानेच पुसून टाकायचं ठरवलेलं मी पक्क्या रंगात छापणार नाही.

नाचाची रांगही नको, असं तिथेच ठरलं. नर्मदेकाठच्या नावडातोलीला सापडलेल्या माळवा भांड्यावर हात धरून नाचणाऱ्या माणसांची ओळ आहे, आणि रात्रभर समोर तसेच हात गुंफलेले. मोह मोठा होता. पण काठावर नाचणारी माणसं आली की आज जो तो म्हणणार, वारली. नावडातोलीचंही नाव जाणार आणि काठीचंही. जाळीचा शंकरपाळा बरा.

१७ मार्च, सोमवार

पेथापूरला पाठवायचा कागद तयार झाला. साग, तीन ठसे: पट्टीचा एक, जाळीच्या शंकरपाळ्याचा एक, कोपऱ्याचा एक. पट्टीची रेघ सरळ आणि जाड. जाळीच्या रेघा मी हाताने काढून दिल्यात तशाच, कडेबाहेर सांडलेल्या, कारागिराने त्या दुरुस्त करू नयेत. पुण्याच्या ओढणीला नक्षी दोन्ही टोकांना, मधलं अंग कोरं. छपाई बागला, लाल आणि काळ्यात. लेबलावर: नक्षी तापीकाठच्या ताम्रपाषाणयुगीन भांड्यांवरून, कापडासाठी मांडणी आजची, छपाई बागच्या रंगाऱ्यांची.

मग आप्पांनी हिशेब मागितला. कापड, छपाई, भट्टी, धुणं, वाहतूक. आकडा ऐकून चष्मा काढला.

"हे इथे कोण घेणार?"

"इथल्यासाठी नाही, पुण्यासाठी आहे."

"तापीचं खापर, बागचा रंग, आणि विकायचं पुण्याला. मग इथल्या बाईला काय?"

या प्रश्नावर बागच्या म्हाताऱ्या रंगाऱ्याचं गिऱ्हाईक डोळ्यांपुढे आलं. जेवणापर्यंत आमचा वाद चालला. ते म्हणतात, सुरतेला पॉलिस्टरवर छापून घे, हजार मीटर, स्वस्त. मी म्हणते, सुती कापड, स्क्रीनची छपाई, थोडे ताके. शेवटी निम्म्यावर तडजोड झाली: सुती फडकी, स्क्रीनने, भाव आप्पा ठरवणार, मला त्यात बोलायचं नाही. त्यांच्या अटी मी लिहून घेतल्या. मागच्या बाजूला नक्षी भरपूर हवी. काठ रुंद, अंग मोकळं. चिमटीत कापड जाड लागलं पाहिजे. लाल पक्का, ओल्या बोटाला लागला तर एकही खपणार नाही. एका गावाला एकच रंग, तेव्हा तीच नक्षी चार रंगांत काढ.

पुण्याच्या ओढणीपेक्षा ही यादी अवघड आहे. पुण्यात गोष्ट सांगून ओढणी विकता येते. इथे फडकी डोक्यावरून घेऊन सोबतिणीकडे पाठ करतील, आणि ती दोन पावलं मागे जाऊन मान हलवेल तशी. प्रकाशा, जोर्वे, साडेतीन हजार वर्षं, यातलं काही तिला सांगण्याची सोय नाही. मांडणीत दम असेल तर तेवढ्यावर ठरेल.

उद्या स्क्रीनवाल्याला फोन. नमुन्याची फडकी आधी आईला, मग वर्गातल्या त्या मुलीला, "आमचं काही नाही का" विचारणाऱ्या. ती नको म्हणाली तर का नको, ते लिहून घ्यायचं आणि पुन्हा छापायचं.